‘वेळ भरली होती’ म्हणणारा भाऊ

पत्र :

आपा, सलाम.

मी सोलापूरची, विजापूर वेशीजवळ राहते. एप्रिल २०२१ मध्ये, रमजान चालू असताना, माझे अब्बा कोविडने गेले. आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात राबले, शुगर होती. तेव्हा मशिदी बंद होत्या. मोठा भाऊ आणि मोहल्ल्यातले काही जण एका बंद कारखान्यात शटर ओढून रोज रात्री रमजानची तरावीहची नमाज पढायचे. अम्मीने नको म्हणून सांगितलं, मी पाया पडले. तो म्हणायचा, ‘मौत लिखी है तो घर में भी आती. इस्लाम में छूतछात नहीं.’ आधी त्याला ताप आला, मग अब्बांना. तो उठला, अब्बा उठले नाहीत. मय्यत पिशवीत बांधून मिळाली. गुस्लाची आंघोळ नाही, अम्मीला चेहरा लांबून दाखवला. मिट्टी द्यायलाही मोजकीच माणसं.

आजही भाऊ एकच वाक्य म्हणतो, ‘अब्बांची वेळ भरली होती.’ ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. खाला म्हणते, तो अल्लाहचा अजाब, त्याची शिक्षा होती, गुनाह फार वाढले होते. भाऊ जुम्याच्या नमाजला जातो, पण त्या सालापासून तरावीहला उभा राहिलेला नाही. आता माझा निकाह ठरतोय. अब्बांच्या जागी तोच बसणार. मला ते सोसेल असं वाटत नाही.

सगळं लिहिलेलंच असतं, तर भावाला दोष देणं हा माझा गुनाह आहे का? आणि गुस्लाविना गेलेल्या अब्बांचं तिथं कसं होणार?

– एक मुलगी

---

वालैकुम सलाम, बेटी.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. पत्रात तो शेवटी आला असला तरी रात्रीची झोप त्यानेच उडवली असणार.

अब्बांना गुस्ल मिळालं नाही म्हणून तिथं त्यांचं काही उणं होईल ही भीती मनातून काढून टाक. गुस्ल, कफन, जनाजा हे मय्यतीचे हक्क, आणि ते देण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांची. ती पार पाडता आली नाही तर जाब गेलेल्या माणसाला विचारत नाहीत. मागच्यांनाही ताकदीबाहेरचं विचारलं जात नाही; अल्लाह कुणावर त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकत नाही, हे सूरह बकराच्या अखेरच्या आयतीत तू लहानपणापासून पढत आलीस. मार्च २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ज्या सूचना काढल्या, त्यांत मय्यतीला आंघोळ घालायला, मिठी मारायला, चुंबन घ्यायला मनाई होती. पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडून नातेवाइकांना दर्शन द्यावं आणि हात न लावता करायचं पठण करू द्यावं, एवढी मुभा होती. अम्मीला लांबून जो चेहरा दिसला तो त्या मुभेतून. आलिमांनीही, म्हणजे दीनच्या जाणकारांनीही, त्या दिवसांत वाट काढून दिली होती : पाणी घालता येत नसेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीने शुद्धी, तेही जमत नसेल तर आहे त्या स्थितीत जनाजा पढून दफन.

उहुदच्या लढाईत जे शहीद झाले त्यांना पैगंबरसाहेबांनी गुस्ल न देता, रक्ताने माखलेल्या कपड्यांनिशी दफन केलं. तो हुकूम रणांगणाचा आहे, तो मी अब्बांना जसाच्या तसा लावत नाही. पण पैगंबरसाहेबांचे चुलते हजरत हमजा यांच्यासारखा माणूस त्या कब्रांत आहे. त्यांची इज्जत पाण्याअभावी कमी झाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आणखी एक हदीस, पैगंबरसाहेबांचं वचन, तुझ्याजवळ असू दे. शहीद कोण कोण, हे सांगताना पैगंबरसाहेबांनी लढाईत मेलेल्याखेरीज इतरांचीही नावं घेतली : ताऊनच्या साथीत गेलेला, पोटाच्या आजाराने गेलेला, बुडालेला, भिंतीखाली सापडलेला, बाळंतपणात गेलेली बाई. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात याच यादीत बरगडीच्या, छातीच्या दुखण्याने गेलेला माणूसही आहे. ताऊन म्हणजे प्लेग, आणि कोविड हा प्लेग नव्हता, हे खरं. तरीही साथीत सबर धरून गेलेल्या माणसाला हा दर्जा मिळावा अशी उमेद अनेक आलिमांनी बोलून दाखवली आहे. श्वासाश्वासासाठी झगडत गेलेल्या बापाच्या मुलीने ती उमेद धरायला काहीच हरकत नाही.

खालाच्या अजाबाबद्दल फार लिहीत नाही. पैगंबरसाहेबांच्या पत्नी बीबी आयशांनी ताऊनबद्दल विचारलं तेव्हा पैगंबरसाहेबांनी सांगितलं की पूर्वी तो कुणावर अजाब म्हणून पाठवला जाई, ईमानवाल्यांसाठी अल्लाहने त्याला रहमत केलं. इसवी ६३९ च्या सुमारास शामच्या, म्हणजे आजच्या सीरिया-पॅलेस्टाईनच्या मुलखात अमवासची साथ आली. तिच्यात अबू उबैदा इब्न अल्-जर्राह गेले, ज्यांना हयातीतच जन्नतची खुशखबर मिळालेली होती. मुआज इब्न जबल गेले, हलाल-हराम सगळ्यांत जास्त जाणणारे म्हणून ज्यांची ख्याती. साथीने मेला तो गुन्हेगार, असा हिशेब मांडायचा तर या दोघांना कुठल्या रकान्यात टाकायचं? खालाला वाद घालून जिंकायच्या फंदात पडू नकोस. तीही घाबरलेली होती. घाबरलेला माणूस कारण शोधतो आणि गुनाह हे सगळ्यांत हाताशी असलेलं कारण असतं.

आता भाऊ.

त्याच अमवासच्या साथीची गोष्ट. दुसरे खलीफा हजरत उमर मदीनेहून शामकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी पोचले तेव्हा सेनापती समोरून भेटायला आले आणि पुढे साथ आहे ही खबर दिली. उमरनी आधी मुहाजिरांना, म्हणजे मक्का सोडून मदीनेला आलेल्यांना विचारलं, मग अन्सारांना, म्हणजे मदीनेच्या मदतगारांना. दोन्हींकडे मतं फाटली. मग कुरैशच्या जुन्याजाणत्यांना विचारलं, ते एकमुखाने परत फिरा म्हणाले. उमरनी परतीचा हुकूम दिला. तेव्हा अबू उबैदांनीच, वर ज्यांचं नाव घेतलं त्यांनीच, टोकलं : अल्लाहच्या तकदीरीपासून पळता? उमर म्हणाले, अबू उबैदा, हे तुझ्याशिवाय दुसरं कुणी बोललं असतं तर! होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे पळतो आहोत. पुढे त्यांनी विचारलं, तुझे उंट घेऊन तू एखाद्या खोऱ्यात उतरलास, एका अंगाला हिरवळ आणि दुसऱ्या अंगाला रुक्ष माळ असेल, तर उंट कुठेही चारलेस तरी ते अल्लाहच्या तकदीरीनेच ना?

तेवढ्यात अब्दुर्रहमान इब्न औफ आले. कामानिमित्त बाहेर होते, सल्लामसलतीत नव्हते. त्यांनी पैगंबरसाहेबांचा शब्द सांगितला : एखाद्या मुलखात साथ आहे असं ऐकलं तर तिथं जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथं आली तर तिच्यापासून पळ काढून बाहेर पडू नका. उमरनी अल्लाहची हम्द, स्तुती, केली आणि माघारी फिरले.

हे सगळं बुखारी शरीफ या हदीस-संग्रहात आहे. तुझ्या भावाचं ‘मौत लिखी है तो घर में भी आती’ हे वाक्य म्हणजे अबू उबैदांचाच सवाल, आणि त्याचा जवाब चौदाशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. घरात थांबणं हीसुद्धा तकदीरच होती. बीबी आयशांच्या त्या हदीसमध्ये पुढे आहे की साथीच्या काळात जो आपल्या जागी सबराने थांबून राहतो, त्याला शहीदाइतका सवाब, म्हणजे पुण्य. एका रिवायतीत, म्हणजे त्याच हदीसच्या दुसऱ्या कथनात, तर ‘आपल्या घरात’ असं आलेलं आहे. आणि तरावीह ही अशी नमाज, की खुद्द पैगंबरसाहेबांनी ती काही रात्रीच जमातीने पढवली; लोकांवर फर्ज, म्हणजे सक्तीची, होऊन बसेल या काळजीने पुढे ते बाहेर आले नाहीत. घरच्या चटईवर अब्बांच्या शेजारी उभं राहून पढली असती तर सवाबात कमी नव्हती.

‘छूतछात नहीं’ ही हदीस अर्धी ऐकून लोक उठतात. बुखारीतच तिच्या जोडीला आहे की सिंहापासून पळावं तसं कुष्ठरोग्यापासून पळ. आजारी उंट निरोगी उंटांत आणून सोडू नका, हेही आहे. बैहकींसारख्या आलिमांनी दोहोंचा मेळ असा घातला की रोगात स्वतःची अशी ताकद नाही, पण मिसळण्याला अल्लाहने सबब, म्हणजे कारण, केलेलं आहे. ग्रॅनाडाचे इब्न अल्-खतीब चौदाव्या शतकात ‘काळ्या मृत्यू’ची साथ पाहून आणखी स्पष्ट बोलले : डोळ्यांना आणि अनुभवाला जे उघड दिसतं त्याच्या विरुद्ध एखादी रिवायत जात असेल, तर त्या रिवायतीचा अर्थ नीट लावून घ्यावा लागतो.

कैरोच्या इब्न हजर अल्-अस्कलानींचं तर तुझ्या भावाला वाचूनच दाखव. बुखारीचा सगळ्यांत मोठा भाष्यकार हा माणूस. साथींमध्ये त्यांच्या तीन मुली गेल्या, थोरली गरोदर असताना. प्लेगवर त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला. ते स्वतः संसर्ग मानत नव्हते, तरी जे पाहिलं ते लपवलं नाही. १४३० च्या साथीत सुरुवातीला कैरोत दिवसाला चाळिसाच्या आत माणसं मरत होती. लोकांना तीन दिवस रोजे ठेवायला सांगितलं, मग सगळे वाळवंटात जमले, एकत्र दुआ केली, परतले. महिना संपायच्या आत दिवसाला हजारावर मय्यती. दुआ मागायला जमलेली माणसं होती ती, तमाशा बघायला जमलेली नव्हती. त्यांच्या नियतीवर इब्न हजरनी बोट ठेवलेलं नाही, जमण्यावर ठेवलं.

इथं भावाची एक बाजू मांडायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्या दिवसांत आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक होती, १७ एप्रिलला मतदान, त्याआधी प्रचारसभा. हरिद्वारला कुंभमेळा भरलेला. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलिगी जमातच्या मेळाव्याच्या निमित्ताने भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीबाहेर काढत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं निकालात लिहिलं, पण तोवर लागायचे ते घाव लागून गेले होते. शटर ओढून नमाज पढणाऱ्या पोरांच्या मनात ईमान होतं तसा हा रागही होता : सगळ्यांना मुभा, कुलूप फक्त आम्हालाच. तो राग मला पूर्ण समजतो. पण कुलूप फक्त आपल्यालाच नव्हतं. २०१९ मध्ये सुमारे २५ लाखांनी हज केला, २०२० मध्ये तो हजारभर माणसांत झाला. त्याच वर्षी आषाढीला पालख्यांची पायवाट बंद राहिली आणि माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला आल्या. ज्या वारकऱ्याची वाट अशी चुकली त्याला विचार काय वाटलं असेल. आणि सरकार दुजाभाव करतं म्हणून आपल्या शुगर असलेल्या बापाच्या अंगावर जोखीम घ्यायची, हा त्या दुजाभावाचा जवाब होत नाही.

म्हणजे भावाचं चुकलं. हे तू म्हणू शकतेस, आणि ते म्हणणं गुनाह नाही.

तुझ्या मुख्य सवालाला आलिमांनी फार नेमका जवाब दिलेला आहे. एक हदीस आहे, हजरत मूसा आणि हजरत आदम यांच्या संवादाची. मूसा म्हणतात, तुमच्यामुळे आम्ही जन्नतबाहेर पडलो. आदम म्हणतात, जे माझ्या पैदाइशीआधीच लिहिलं होतं त्यावरून मला बोल लावतोस? आणि पैगंबरसाहेब सांगतात की आदमची सरशी झाली. मग काय, कुणीही काहीही करावं आणि ‘लिहिलेलं होतं’ म्हणून मोकळं व्हावं? इब्न तैमिया आणि त्यांचे शागीर्द इब्न अल्-कय्यिम यांनी इथं फरक दाखवला. मूसा बोल लावत होते मुसीबतीबद्दल, म्हणून आदमचा जवाब बसला. आपल्यावर मुसीबत कोसळली तर तकदीरीचा आधार घ्यावा. आपल्या कसुरीवर पांघरूण घालायला तकदीर वापरू नये. इब्न अल्-कय्यिम आणखी म्हणतात की ज्याने तौबा केली, त्याला मागे वळून पाहताना तकदीरीचं नाव घेता येतं. दमास्कसला १३४८ ची भयंकर साथ आली तेव्हा ते तिथंच हयात होते.

आता बघ. ‘अब्बांची वेळ भरली होती’ हे वाक्य अम्मीच्या तोंडी शोभतं. तुझ्याही तोंडी शोभतं, कारण तुम्हा दोघींवर ती मुसीबत आली. भावाच्या तोंडी ते अजून शोभत नाही, कारण मधली पायरी त्याने गाळली. तुझ्या डोक्यात जी तिडीक जाते ती त्या गाळलेल्या पायरीची आहे. तकदीरीवर तुझं ईमान कच्चं आहे, असा त्याचा अर्थ लावून घेऊ नकोस.

मात्र चुकला म्हणजे कातिल झाला असं म्हणू नकोस, मनातही. कुठल्या श्वासातून आजार आला हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या एप्रिलमध्ये सोलापुरात रेशनची रांग होती, औषधाची रांग होती, शेजारची भाभी चहापत्ती मागायला दारात येत होती. संशय बळकट आहे, पुरावा नाही. तेव्हा त्याच्या माथी मारायची ती जमावात जाण्याची आणि अम्मीचं न ऐकण्याची कसूर. बापाच्या खुनाचा ठपका त्याच्यावर ठेवायला तुझ्याजवळ काही नाही.

आणि कसूर एकट्याची नव्हती. एका सफरीत एका माणसाला डोक्यात दगड लागून जखम झाली. रात्री त्याच्यावर गुस्ल फर्ज झालं. त्याने सोबत्यांना विचारलं, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी आहे तर सवलत नाही. त्याने आंघोळ केली आणि मेला. पैगंबरसाहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, यांनी त्याला मारलं. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही? अज्ञानावर इलाज विचारणं हाच आहे. मला ही हदीस साथीच्या काळात वारंवार आठवायची. कारखान्याचं शटर कुणी उघडलं, ईमानवाला घाबरत नाही असं पोरांना कुणी सांगितलं? दीनच्या नावाने जिवाशी खेळ होईल असा सल्ला देणाऱ्यांवर पैगंबरसाहेब किती कडाडले, हे त्या लोकांनी एकदा वाचावं. तुझा भाऊ त्या सल्ल्यामागे गेला.

तुझ्या पत्रातली एक ओळ तू सहज लिहून पुढे गेलीस. जुम्याला जातो, पण त्या सालापासून तरावीहला उभा राहिलेला नाही. बेटी, ज्याला खरंच वाटतं की वेळ भरली होती आणि आपलं काहीच चुकलं नाही, तो तरावीह का सोडेल? त्या वाक्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही. तुला राग येतो ते वाक्य तो तुला ऐकवतो की रोज स्वतःला ऐकवतो, याचा विचार कर. त्याला कबूल करायचं असेल आणि ते कुणासमोर करावं हे उमगत नसेल. झोप उडाली असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरला दाखवायला लावा. त्यात दीनच्या विरुद्ध काही नाही.

कसूर बंद्याच्या, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या, हक्काची असते तेव्हा नुसती अल्लाहकडे तौबा करून भागत नाही, ज्याचं नुकसान झालं त्याचीही माफी लागते. म्हणून त्याची वाट अम्मीवरून आणि तुझ्यावरून जाते. तू मोठी झालीस ती अशा अर्थाने, नुसत्या निकाहाने नव्हे. बीबी आयशांवर किटाळ आलं तेव्हा त्यात मिस्तह नावाचा एक नातेवाईक सामील होता. हजरत अबू बक्र त्याचा खर्च चालवायचे. लेकीवर आळ घेणाऱ्याला आता एक दिरहम देणार नाही, अशी कसम त्यांनी खाल्ली. त्यावर सूरह नूरची आयत उतरली : माफ करावं, सोडून द्यावं, अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्र म्हणाले, वाटतं, आणि खर्च पुन्हा चालू केला. लक्षात घे, मिस्तहची चूक ही चूक नव्हती असं कुणी म्हटलं नाही. त्याला शिक्षाही झाली. तरी त्याचा खर्च चालू राहिला.

निकाहाची तारीख धरायच्या आधी भावाशी बोल. बिदाईच्या गडबडीत नको, पाहुण्यांसमोर नको, खालासमोर तर नकोच. रात्रीची इशाची नमाज झाल्यावर, अम्मी, तू आणि तो, एवढेच. आरोपाने सुरुवात करू नकोस. घरात तुम्ही दखनीत बोलता ना, तशीच बोल : ‘भाई, अब्बा का वक्त आया था, मैं मानती. पन अम्मी बोली थी मत जा करको. वो बात तू कब्बी बोल्याच नहीं.’ आणि गप्प बस. तो चिडेल, उठून जाईल, पंढरपूरच्या सभा काढेल. काढू दे. त्या सभांबद्दल तो बोलतो ते खरं आहे, हे त्याला आधीच सांगून टाक, म्हणजे त्या आडोशाला त्याला उभं राहावं लागणार नाही. त्याच्या तोंडून ‘मी मारलं’ वदवून घ्यायचा प्रयत्न कुणीही करू नका. ‘मी ऐकायला हवं होतं’ एवढं आलं तर पुष्कळ झालं. तेवढं आलं की अम्मीकडून माफीचा शब्द लगेच येऊ दे, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

नाही आलं, तर? तरीही निकाहात त्याला अब्बांच्या जागी बसू दे. ही माझी विनंती आहे, हुकूम नाही. माफी त्या दिवशी देता आली नाही तर देऊ नकोस, खोटी देऊ नकोस. अब्बा नाहीत म्हणून त्या दिवशी रडू आलं तर रड. आपला मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरसाहेबांच्याही डोळ्यांत पाणी होतं. डोळे वाहतात, दिल दुखतं, पण रब नाराज होईल असं आम्ही बोलत नाही, असं ते म्हणाले होते.

आणि भाऊ बोलला, काय करू म्हणून विचारू लागला, तर त्याला काम दे. अब्बांच्या नावाने सदका, म्हणजे दान म्हणून त्यांच्याच कारखान्यातल्या एखाद्या शुगरवाल्या कामगाराच्या महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्याने उचलावा, दर महिन्याला स्वतः नेऊन द्यावा. येत्या रमजानला मशिदीत पाय जड होत असतील तर तरावीह घरीच पढावी. तू आणि अम्मी मागच्या सफेत, मागच्या रांगेत, उभ्या राहा.